.२२ घ्यायचं की .३२? एका एअर पिस्तूलवाल्या साहेबांची केस

केस वरवर साधी आहे. सांगली जिल्ह्यातले एक बँक अधिकारी, वय चाळीसच्या पुढे, काही वर्षं दहा मीटर एअर पिस्तूल मारतायत, स्टेटला बऱ्यापैकी स्कोर येतो आणि आता त्यांना पंचवीस मीटरला उतरायचंय. एअर पिस्तुलाला लायसन्सची भानगड नव्हती, .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटरचा पेलेट आणि २० जूलच्या आतली ताकद असेल तर आपल्याकडे परवाना लागत नाही (मॅच एअर पिस्तूल सहा-एक जूलवर चालतं, म्हणजे फारच आत). पण पंचवीस मीटर म्हटलं की खरं काडतूस आलं, लायसन्स आलं, आणि अर्जात बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचा आकार, कुठला ते लिहावं लागतं (.२२, .३२ हे त्याचेच इंचातले आकडे). तर कुठला लिहायचा, हा प्रश्न घेऊन साहेब माझ्याकडे आले.

त्यात एक मेख होती. त्यांच्या लायसन्सवर वडिलांची बारा बोअर बंदूक आधीच चढलेली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, आधी तीन चालायची. खेळाडूंना वेगळ्या सवलती आहेत, पण त्या स्कोर केल्यावर. नॅशनलला ओपन इव्हेंटमध्ये ठरलेला क्वालिफाइंग स्कोर मारा, रिनाउन्ड शॉट हा दर्जा मिळवा, मग ती दारं उघडतात. साहेब तिथवर पोचलेले नव्हते. बारा बोअर द्यायची नाही, वडिलांची आठवण आहे, आईला विचारायचीसुद्धा सोय नाही. म्हणजे हातात एकच जागा आणि ती एकदाच भरायची.

साहेब डोक्यात तीन गोष्टी घेऊन आले होते. पहिली नाइन एमएम, कारण भाचा टेक्सासला असतो आणि तो तिकडे दर रविवारी मॅच मारतो, व्हिडिओ पाठवतो. दुसरी .३२, कारण "सर, भोक मोठं पडतंय, लाइनला लागलं की वरचा पॉइंट, आणि एकदाच घ्यायचं तर जरा दमदार घ्यावं." तिसरी .२२, पण तिच्याबद्दल बोलताना त्यांचा सूर "ते पोरापोरींचं" असा होता. राही सरनोबतने जकार्ता एशियाडला २०१८ साली पंचवीस मीटरचं गोल्ड .२२ नेच मारलंय, कोल्हापूर तुमच्या बँकेच्या शाखेपासून तासाभरावर आहे, एवढं मी ऐकवलं. साहेब हसले, पण पटलं नव्हतं.

नाइन एमएम आधी बाजूला करू, कारण त्यात फार दम नाही. आपल्याकडे ते प्रोहिबिटेड बोअर, सामान्य परवानाधारकाला मिळत नाही, विषय संपला. गंमत म्हणजे आयएसएसएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, सेंटर फायर (.२२ पेक्षा मोठ्या काडतुसांच्या) इव्हेंटच्या नियमात ते बसतं, कारण तिथे ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर एवढी सूट आहे, म्हणजे .३० पासून .३८ पर्यंत काहीही चालतं, फक्त मॅग्नम वगैरे जोरकस काडतूस नको. पण जिथे मिळतं तिथेही वरच्या लेव्हलला नाइन एमएम घेऊन कोणी सेंटर फायर मारत नाही, उगाच जास्तीचा धक्का कोण खाईल. भाच्याचा खेळच वेगळा आहे. तिकडच्या प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये पॉवर फॅक्टर असतो, गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट प्रति सेकंदात भागिले हजार, आणि तो आकडा १२५ च्या वर असला तर मायनर, १६५ च्या वर असला तर मेजर. मेजरला कडेच्या गोळ्यांचे पॉइंट जास्त मिळतात. तिथे जास्त जोराच्या काडतुसाला नियमानेच बक्षीस आहे, म्हणून त्यांचं कॅलिबरचं गणित निराळं. तिकडच्या बुल्सआय मॅचमध्ये तर .२२, कुठलंही सेंटर फायर आणि .४५ असे तीन वेगळे भाग असतात आणि बरेच जण मधला भागही .४५ नेच मारून टाकतात, एक पिस्तूल कमी सांभाळावं लागतं म्हणून. त्यांचे व्हिडिओ बघून आपल्या इव्हेंटचं कॅलिबर ठरवायला गेलात की फसलात.

आता आपलं. पुरुषांना पंचवीस मीटरला तीन इव्हेंट. स्टँडर्ड पिस्तूल, रॅपिड फायर आणि सेंटर फायर. पहिले दोन .२२ लाँग रायफलचे, तिसरा .३० ते .३८ चा, म्हणजे व्यवहारात .३२. बायकांचा पंचवीस मीटर पिस्तूल .२२ चाच. रॅपिड फायर ऑलिंपिकला आहे, विजय कुमारने लंडनला २०१२ साली त्यात सिल्व्हर आणलं. सेंटर फायर ऑलिंपिकला नाही. जसपाल राणाने दोहा एशियाडला २००६ साली ५९० मारून वर्ल्ड रेकॉर्डची बरोबरी केली तो हाच इव्हेंट, २०१४ ला इंचॉनला आपल्या टीमने यात सिल्व्हर घेतलं, आणि पुढच्या जकार्ताला तर हा इव्हेंटच यादीत नव्हता. आपल्याकडे स्टेट, मावळणकर (नॅशनलच्या आधीची अखिल भारतीय स्पर्धा), नॅशनल सगळीकडे होतो आणि मास्टर्स-व्हेटरनवाल्यांचा तर जीव की प्राण आहे, साहेबांच्या डोक्यात .३२ भरवलं ते त्याच मंडळींनी.

मोठ्या भोकाचा मुद्दा इथे निकालात काढतो, कारण हा गैरसमज मी पार नॅशनल मारलेल्या लोकांकडूनही ऐकलाय. गोळीची कड रिंगच्या लाइनला लागली की वरचा पॉइंट मिळतो, हे बरोबर. पण सेंटर फायरला संशयित भोक ज्या गेजने मोजतात त्याचा व्यास ९.६५ मिलिमीटर असतो, तुम्ही .३२ मारा नाहीतर .३८. गेज सगळ्यांना तेच. म्हणजे .३२ वाल्याला .३८ चं भोक फुकटात मिळतं, धक्का मात्र .३२ चाच बसतो. म्हणून तर जगभर सगळे .३२ वर येऊन थांबले.

.२२ च्या इव्हेंटला गेज ५.६ चा. दोन गेजच्या व्यासातला फरक ४.०५, म्हणजे एका बाजूला दोन मिलिमीटर. पंचवीस मीटरच्या प्रिसिजन, म्हणजे सावकाश मारायच्या टार्गेटवर टेनचा व्यास ५० मिलिमीटर, नाइनचा १००, म्हणजे एका रिंगची रुंदी २५ मिलिमीटर. २५ मध्ये दोन म्हणजे गोळीमागे साधारण ०.०८ पॉइंट. ड्युएल, म्हणजे झटपट मारायच्या टार्गेटवर टेन १०० चा आणि नाइन १८० चा, रिंगची रुंदी ४०, तिथे ०.०५. तीस गोळ्या इकडच्या आणि तीस तिकडच्या धरून सगळे मिळून चार-एक पॉइंट. तर हो, तोच माणूस तेच नेम दोन्ही गेजने मोजून घेईल तर सेंटर फायरला चार पॉइंट जास्त दिसतील. पण तुमच्या शेजारच्या लेनवाल्यालाही ते चार मिळालेत ना! मेडल त्याच्याशी लढून घ्यायचंय, स्वतःच्या स्टँडर्डच्या स्कोरशी नाही.

हे कागदावर मांडून दाखवल्यावर साहेब बँकवाले असल्यामुळे लगेच पटलं. मग म्हणाले, "ठीक आहे सर, पण ॲक्युरसी? .३२ जास्त ॲक्युरेट म्हणतात."

पंचवीस मीटरवर हा प्रश्न माझ्या मते गौण आहे. चांगलं मॅच पिस्तूल शिकंजात घट्ट आवळून मारलं तर .२२ असो की .३२, ग्रुप टेनच्या पन्नास मिलिमीटरमध्ये आरामात बसतो, अर्धी जागा मोकळी उरते. माणूस एका हाताने उभा राहून मारतो तेव्हा जे इकडेतिकडे जातं त्यातलं पिस्तुलाचं फारच थोडं. वॅडकटरचं एक खरं सुख आहे, गोळीचं तोंड सपाट, पार काडतुसाच्या कडेच्या बरोबरीने आत दाबलेली, त्यामुळे कागदाला पंचिंग मशिनने पाडल्यासारखं गोल स्वच्छ भोक पडतं आणि टेलिस्कोपमधून बघायला छान वाटतं. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर तेही सुख गेलं.

एक गोष्ट अर्जाच्या वेळी कोणी सांगत नाही ती इथे सांगून ठेवतो. "बत्तीस बोअर" म्हणून आपल्याकडे दोन वेगळी काडतुसं चालतात. रिव्हॉल्व्हरवालं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, जे १८९६ पासूनचं आहे, आणि खिशातल्या पिस्तुलांचं .३२ एसीपी. मॅच पिस्तूल पहिल्या जातीचं खातं, तेही वॅडकटर. दिसायला पिस्तूल, काडतूस रिव्हॉल्व्हरचं, त्यामुळे दुकानदारापासून टेबलावरच्या क्लार्कपर्यंत सगळ्यांचा गोंधळ उडतो. बाजारात जी .३२ रिव्हॉल्व्हरची साधी गोल तोंडाची गोळी मिळते ती जात म्हणून तीच, पण मॅच पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये चालत नाही, कारण गोळी पुढे आलेली असते आणि मॅगझिन सपाट वॅडकटरच्या लांबीवर बेतलेलं. म्हणजे .३२ घेतलंत की इम्पोर्टेड वॅडकटरवर अवलंबून राहायचं. युरोपात बरेच जण घरी काडतूस भरतात, स्वस्तात पडतं. आपल्याकडे ती सोय सहज नाही.

मग मी म्हटलं, वाद पुरे, रेंजवर या. क्लबची दोन पिस्तुलं होती, .२२ चं पार्दिनी आणि .३२ चं जुनं वॉल्थर जीएसपी. दोन्ही आधी मी स्वतः मारून झिरो तपासून घेतलं, नाहीतर निष्कर्ष काढायचा आणि मागाहून कळायचं की साइटच हललेली होती.

पहिल्यांदा फक्त प्रिसिजन, पाच गोळ्या पाच मिनिटांत, घाई नाही. .२२ ला साहेबांचा ग्रुप आठच्या रिंगच्या आत, मधूनच एखादी खाली. .३२ ला काय झालं तर तीन छान टेन-नाइनमध्ये आणि दोन सरळ घड्याळातल्या सातच्या जागी, खाली डावीकडे, सहा-सातच्या रिंगमध्ये. पुढची सिरीज तशीच. साहेब घामाघूम. "बघा सर, धक्का जास्त आहे, मला झेपत नाही, .२२ च बरं." म्हणजे आता गाडी उलट्या दिशेला.

आता धक्क्याचं खरं प्रमाण किती ते बघा. .२२ ची गोळी ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम, पिस्तुलातून सेकंदाला साधारण २७० मीटरने निघते. .३२ वॅडकटर ९८-१०० ग्रेन, ६.४ ग्रॅमच्या आसपास, पण वेग कमी, सव्वादोनशे-अडीचशे मीटर. वजन गुणिले वेग केलं तर .३२ चा ढकला .२२ च्या दुप्पट. नाइन एमएमचा चौपट निघतो. दुप्पट ऐकायला मोठं वाटतं, पण सव्वा किलोच्या पिस्तुलात तो काही माणसाला हलवणारा नाही, हाताला एक संथ ढकला बसतो. शिवाय उजव्या हाताच्या माणसाची गोळी खाली डावीकडे गेली तर ते धक्क्याचं काम नसतं, धक्का पिस्तूल वर उचलतो आणि तोपर्यंत गोळी नळीबाहेर गेलेली असते. खाली डावीकडे जाते ती धक्का यायच्या आधी हाताने केलेल्या उद्योगामुळे.

साहेबांना हे तोंडी सांगून उपयोग नव्हता, दाखवायला लागणार होतं. म्हणून जुनाच प्रयोग केला. साहेबांनी पाठ फिरवायची, पिस्तूल टेबलावर, नळी टार्गेटकडे, मॅगझिन मी भरणार. मधे कुठेतरी मारलेल्या काडतुसाची एक रिकामी केस घालायची. वॅडकटरचा इथे फायदा होतो, गोळी काडतुसाच्या बाहेर येतच नाही, त्यामुळे रिकामी केसही भरलेल्या गोळीच्या आकाराचीच असते आणि मॅगझिनमधून बहुतेक वेळा मुकाट वर चढते. साहेबांनी पहिली मारली, टेन. दुसरी, नाइन. तिसऱ्याला नुसतं टक् आणि पिस्तुलाची नळी दोन बोटं खाली गेली, सगळ्यांदेखत. आवाज नाही, धक्का नाही, काही नाही, आणि हात खाली दाबला गेला. मागे बसलेला एक कॉलेजचा पोरगा फस्सकन हसला, त्याला मी बाहेर पाठवला.

साहेब बराच वेळ पिस्तुलाकडे बघत राहिले. मग मी म्हटलं आता तेच .२२ ला करू. .२२ ची रिकामी केस मॅगझिनमधून नीट चढत नाही, म्हणून एकेक गोळी हाताने भरायची, कधी खरी, कधी प्लास्टिकची डमी. आणि .२२ लाही नळी खाली गेली. कमी, एखादं बोट, पण गेली. तोपर्यंत साहेबांची पक्की समजूत होती की .२२ ला आपण स्वच्छ मारतो. .२२ ला ती खोड झाकली जाते इतकंच, आठच्या आत ग्रुप दिसतो म्हणून कोणी खोलात जात नाही.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. एअर पिस्तुलाचा ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा. पंचवीस मीटरला, .२२ असो की .३२, कमीत कमी १००० ग्रॅम. मॅचआधी इक्विपमेंट कंट्रोलला पिस्तूल उभं धरून एक किलोचं वजन ट्रिगरला अडकवून उचलतात, उचललं गेलं नाही तर परत जाऊन स्क्रू फिरवून आणा. (पूर्वी सेंटर फायरला १३६० ग्रॅम लागायचे, म्हणून जुन्या .३२ पिस्तुलांचे ट्रिगर कधीकधी जास्तच जड सापडतात. आमचं जीएसपी बऱ्यापैकी खाली आणलेलं होतं, तरी हजाराच्या थोडं वरच.) साहेबांचं बोट वर्षानुवर्षं पाचशे ग्रॅमवर शिकलेलं, पहिला स्टेज घेतला की दुसरा नुसत्या विचाराने सुटतो. तेच बोट किलोवर अडकलं की ते एकटं ओढत नाही, अख्खी मूठ आवळून मदतीला येते आणि नळी खाली डावीकडे. वर आवाजाची धास्ती. .३२ चा आवाज बंद रेंजमध्ये जरा घुमतो. कानात बोळे आणि वर मफ असं दोन्ही लावून मारायला सांगितलं तर खालच्या गोळ्या लगेच कमी झाल्या, बंद नाही झाल्या. म्हणजे थोडा वाटा आवाजाचा आणि मोठा वाटा ट्रिगरचा.

मग काही आठवडे कॅलिबरचं नावच काढायचं नाही असं ठरलं. रोज ड्राय, म्हणजे गोळी न घालता, पांढऱ्या भिंतीसमोर, टार्गेट न लावता, फक्त फोरसाइट बघत किलोचा ट्रिगर सोडायचा. एअर पिस्तुलाचाच ट्रिगर वाढवून घेतला तर घरीसुद्धा करता येतं, बऱ्याच मॅच एअर पिस्तुलांचा वजनाचा स्क्रू बराच वर जातो, आणि पिस्तुलाचं लायसन्स हातात नसताना घरी करता येण्यासारखं हे एकच काम आहे. रेंजवर आले की .२२ च्या गोळ्यांमध्ये डमी.

आता खरा निर्णय. इथे इव्हेंट नीट समजून घ्यावे लागतात आणि इथेच क्लबमधल्या मंडळींशी माझं जुंपलं.

सेंटर फायरमध्ये तीस गोळ्या प्रिसिजन आणि तीस ड्युएल. ड्युएल म्हणजे हात ४५ अंशाच्या खाली, टार्गेट तीन सेकंद समोर, त्यात एकच गोळी, मग सात सेकंद टार्गेट गायब. एका गोळीनंतर दहा सेकंदांचं चक्र. धक्का बसला तर बसू दे, हात खाली येतो, श्वास घेतो, परत. म्हणजे .३२ चा धक्का या इव्हेंटमध्ये सावरायची घाईच नाही. उलट स्टँडर्ड पिस्तूल बघा. वीस गोळ्या १५० सेकंदांच्या सिरीजमध्ये, वीस २० सेकंदांच्या, वीस १० सेकंदांच्या, सिरीज पाच गोळ्यांची. दहा सेकंदांत पाच गोळ्या म्हणजे धक्का, साइट परत जागेवर, ट्रिगर, धक्का. इथे हलकं कॅलिबर जीव वाचवतं. रॅपिड फायरला तर चार सेकंदांत पाच टार्गेटवर पाच. तिथे एके काळी .२२ शॉर्ट वापरायचे, लाँग रायफलपेक्षाही हलकं, जवळजवळ धक्काच नाही. २००४ च्या अथेन्सनंतर नियम बदलला आणि सगळ्यांना लाँग रायफलवर यावं लागलं, तेव्हा जगातल्या भल्याभल्यांना हात नव्याने बसवावा लागला. .२२ शॉर्ट आणि .२२ लाँग रायफल एवढ्याशा फरकाने ऑलिंपिकवाल्यांची ही गत, म्हणजे कॅलिबर कुठे महत्त्वाचं ठरतं ते कळतं. पाच गोळ्या सलग मारायच्या असतात तिथे.

तर क्लबच्या सीनियर मंडळींचं म्हणणं असं, साहेबांचं वय बघता रॅपिड ते मारणार नाहीत, स्टँडर्डला दहा सेकंदांत त्यांची तारांबळ उडते, सेंटर फायर त्यांना जमेल आणि मास्टर्समध्ये मेडलसुद्धा लागेल, मग .३२ च घ्या. आणि बालेवाडीच्या स्टेटला झालंही तसंच. क्लबची दोन्ही पिस्तुलं घेऊन साहेबांनी दोन्ही इव्हेंट मारले, सेंटर फायरला पाचशे चाळीसच्या आसपास आले आणि स्टँडर्डला पाचशेच्या थोडं वर. मंडळी म्हणाली, बघा, आम्ही काय म्हणत होतो.

माझं मत तरीही .२२, आणि कारण गोळ्यांच्या हिशोबाचं आहे. पाचशे चाळीसवरून पाचशे साठवर जायचं तर ते मॅचमध्ये होत नाही, आठवड्याला तीन-चार डबे फुंकून होतं. पन्नासचा डबा. .३२ वॅडकटरची एक गोळी .२२ च्या चांगल्या गोळीच्या काही पट महाग पडते, वर मिळण्याची खात्री नाही, आली तर डीलरकडे नंबर लावा. .३२ विकत घेतलेले किती तरी लोक मला माहीत आहेत ज्यांचं पिस्तूल वर्षातून दोनदा कपाटाबाहेर येतं, मॅचला, आणि मग स्कोर आला नाही म्हणून ग्रिप बदलतात. ट्रिगर तोच किलोचा, साइट रेडियसला (पुढच्या-मागच्या साइटमधल्या अंतराला) तीच २२० मिलिमीटरची मर्यादा, उभं राहणं तेच, ड्युएलचा हात उचलणं तेच. म्हणजे .२२ वर सेंटर फायरची जवळजवळ सगळी तयारी होते आणि .३२ वर स्टँडर्डची होत नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत .३२ हातात घ्या, साइटचे क्लिक बदला, ढकल्याची ओळख करून घ्या, बास.

आणि मुख्य म्हणजे आमच्या क्लबकडे .३२ आहे, मॅचला मिळतं. सरावाचं .२२ मात्र अख्ख्या क्लबात एक, त्यावर पोरापोरींची रांग. हे उलटं असतं, म्हणजे क्लबकडे .२२ दोन-तीन आणि .३२ एकही नाही, तर मी कदाचित साहेबांना .३२ घ्या म्हटलं असतं. साठीच्या पुढचा माणूस असता, ज्याला फक्त सेंटर फायरच मारायचंय आणि गोळ्यांचा खर्च खटकत नाही, त्यालाही म्हटलं असतं. साहेबांना नाही, कारण त्यांना खालीच जाणाऱ्या त्या दोन गोळ्या आधी कायमच्या घालवायच्या आहेत.

मधे एकाने आणखी एक युक्ती काढली, दोन्ही बोअरची युनिट बसणारं पिस्तूल घ्या. जीएसपी आहे, हेमर्लीचं एसपी २० आहे, ग्रिप-फ्रेम एक आणि वरचा भाग .२२ चा नाहीतर .३२ चा. हाताला ग्रिप तीच राहते हा फायदा मोठा आहे, नाकारत नाही. पण कायद्यात फायरआर्मच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. दुसऱ्या बोअरचं युनिट म्हणजे सुटा पार्ट, असं समजून चालायचं नाही, त्याची रीतसर परवानगी आणि नोंद पाहिजे. साहेबांनी कलेक्टर ऑफिसला विचारून बघितलं, टेबलावरच्या माणसाला आधी दोन बोअरचं एक पिस्तूल ही कल्पनाच समजावून सांगावी लागली, तेव्हा साहेब म्हणाले राहू दे, अर्ज आधी सरळसोट जाऊ दे, रिनाउन्ड झालो तर पुढचं पुढे.

अर्जात .२२ लिहिलं. सोबत असोसिएशनचं पत्र, शूटर आयडी, स्टेटची सर्टिफिकेटं. पोलीस व्हेरिफिकेशन झालं, बीट हवालदारांनी घरी येऊन बारा बोअरची गोष्ट ऐकत दोन कप चहा घेतला, फाइल आता पुढे सरकलीय. साहेब तोवर क्लबच्या पार्दिनीवर सकाळी सात वाजता येतात, रांग लागायच्या आधी. डमीला नळी आता हलत नाही असं म्हणणार नाही, थकल्यावर अजून हलते, पण आता मी सांगायच्या आधी त्यांना स्वतःला कळतं. दहा सेकंदांची सिरीज अजून कच्ची आहे. तिथे चौथी आणि पाचवी गोळी घाईत जाते, त्यावर काम चालू आहे.

सध्या त्यांनी नवीन वाद काढलाय, एलीची गोळी चांगली की एसकेची. मी म्हटलं पिस्तूल येऊ दे, तीन-चार ब्रँडचे एकेक-दोन डबे घेऊ, स्टँडर्ड व्हेलॉसिटीच, हाय व्हेलॉसिटी मॅच पिस्तुलाला घालायची नाही, आणि दहा सेकंदांच्या सिरीजमध्ये जी एकदाही अडकणार नाही त्या लॉटचे जमतील तेवढे डबे उचलू.